इंडेक्स होता, तरी बिलं अडली: दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरचं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या लेखात संस्था, कंपनी आणि माणसं यांची नावं गाळली आहेत आणि आकडे गोल केले आहेत. घटनांचा क्रम आणि तांत्रिक कारणं मात्र तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातला एक दूध संघ. गावोगावच्या दीडशेच्या आसपास संस्था त्याला दूध घालतात आणि त्या संस्थांचे मिळून उत्पादक आहेत तीस हजार. संकलन सकाळी आणि संध्याकाळी. प्रत्येक वेळी लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यांची नोंद होते. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीच्या दुधाला ६.० आणि ९.० असा पाया धरून दर ठरतो आणि पॉइंट वरखाली झाला की दरपत्रकातला शेजारचा चौकोन लागू होतो. महिन्यात तीन बिलं निघतात: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. बिलातून पशुखाद्याची उधारी, उचल, शेअर्सची रक्कम अशा कपाती होतात आणि उरलेली रक्कम बँकेत जमा होते. उत्पादकाच्या दृष्टीनं सगळं सॉफ्टवेअर म्हणजे हा एक कागद. तो वेळेवर आला आणि बरोबर आला, की बाकी पडद्यावर काय चमकतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

हे सॉफ्टवेअर पुण्यातली एक छोटी कंपनी सांभाळते. मूळची आवृत्ती पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून लिहिलेली, स्क्रीन अँग्युलरजेएस या साधनात. अँग्युलरजेएसचा अधिकृत सपोर्ट २०२१च्या अखेरीस संपला, म्हणून २०२२मध्ये कंपनीनं स्क्रीन रिॲक्टमध्ये आणि बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवर चालणारा भाग, नोडमध्ये नव्यानं लिहिला. डेटाबेस तोच ठेवला. जुनी वर्षं जुन्या सिस्टिममध्येच ठेवून फक्त शेवटच्या वर्षाचा डेटा नव्यात आणला. या निर्णयात मला काही चूक दिसत नाही. ज्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत अशा पायावर पैशांची सिस्टिम चालवत राहणं हा शहाणपणा नव्हे. नवं साधन घेणं वेगळं आणि प्रत्येक दुखण्यावर नवं साधन हाच उपाय समजणं वेगळं. या प्रकरणात दोन्ही भेटतात.

एक तपशील इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दुधाच्या नोंदी उत्पादकाच्या अंतर्गत आयडीला जोडलेल्या होत्या. कपाती मात्र पशुखाद्य विभागाच्या वेगळ्या सिस्टिममधून येत आणि त्यांच्यावर फक्त संस्थेचा कोड आणि उत्पादकाचा कोड असे. हा उत्पादक कोड मजकूर म्हणून साठवलेला होता, कारण पासबुकावर तो ‘0042’ असा छापलेला असतो आणि पुढची शून्यं गेलेली लोकांना चालत नाहीत.

अडचण

बिलाचं काम रात्री अकराला सुरू व्हायचं. नवी सिस्टिम आली तेव्हा ते सुमारे दोन तासांत संपायचं. पुढच्या वर्षी साडेचार तास, त्याच्या पुढच्या वर्षी साडेसहा आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आठ तास वीस मिनिटं. म्हणजे सकाळी सात वाजून वीस मिनिटं. तोवर गावांतून सकाळच्या संकलनाचा डेटा चढायला लागलेला असतो. बिल चालू असताना तो डेटा अडकायचा, संस्थांचे सचिव फोन करायचे आणि बँकेची फाइल दुपारी जायची.

हे वाढते आकडे कुठल्या डॅशबोर्डवर नव्हते. सपोर्टचं काम बघणाऱ्या एका माणसानं ते डायरीत लिहून ठेवले होते: प्रत्येक बिलाची तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ. कारण सकाळी शिव्या त्यालाच खाव्या लागत.

खरी धास्ती दिवाळीची होती. दिवाळीला वर्षभराच्या दुधावरचा दर फरक वाटतात आणि फरकातून राहिलेल्या सगळ्या कपाती वळत्या होतात. संघाच्या मुख्य लेखापालांनी सप्टेंबरमध्येच विचारलं, “दहा दिवसांच्या बिलाला रात्र पुरत नाही, मग वर्षाच्या फरकाचं काय करणार तुम्ही?” या प्रश्नावर कंपनीत बैठक बसली. टीम लीडनं मांडलेल्या प्रस्तावावर मत द्यायला मालकांनी मला बोलावलं, आणि या प्रकरणाशी माझा संबंध तिथून सुरू झाला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय आधीच वापरून झाला होता. डेटाबेसचं मशीन मोठं केलं होतं: कोअर (प्रोसेसरचे स्वतंत्रपणे काम करणारे भाग) दुप्पट, मेमरी दुप्पट, भाडंही जवळपास दुप्पट. वेळ वाचला तो नावापुरता. या निकालाचा टीमनं लावलेला अर्थ असा, की आता मशीन मोठं करून भागणार नाही, रचनाच बदलायला हवी. मला वाटतं, हाच निकाल नीट वाचला असता तर प्रकरण तिथेच उलगडलं असतं. मायएसक्यूएल साधारणपणे एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला एक प्रश्न, एकाच कोअरवर चालवतं आणि बिलाचा प्रोग्रॅम उत्पादकांना एकामागून एक घेत होता. म्हणजे रात्रभर एक कोअर पूर्ण भरलेला आणि बाकीचे रिकामे. क्लाउडच्या आलेखात हे स्पष्ट दिसत होतं. तिथे एकूण वापर कमी दिसतो म्हणून “सर्व्हरवर ताण नाही” असा निष्कर्ष निघाला होता.

दुसरा पर्याय टीम लीडचा. बिलिंग, दर, कपाती आणि भरणा असे चार मायक्रोसर्व्हिस, म्हणजे स्वतंत्र चालणारे छोटे प्रोग्रॅम, करायचे, त्यांच्यामध्ये निरोपांची रांग सांभाळणारं काफ्का, कपातींसाठी मोंगोडीबी हा वेगळ्या धाटणीचा डेटाबेस आणि हे सगळं कुबरनेटिस या अनेक मशीनवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेवर. अंदाज पाच महिन्यांचा, म्हणजे दिवाळी हुकणारच. तोवर संघाला तात्पुरतं काहीतरी द्यायचं. हा माणूस फॅशनच्या मागे धावणारा आहे असं मला वाटलं नाही. त्याच्या रचनेत आठ-दहा कामगार-प्रोसेस समांतर चालणार होते आणि त्यानं वेळ खरंच कमी झाला असता, कारण रिकामे कोअर कामाला लागले असते. हे मान्य करायलाच हवं. पण टेबल दर वर्षी वाढत होतं. समांतर चालवून दुखणं दोन-तीन वर्षं पुढे ढकललं गेलं असतं, तेही चौपट यंत्रणा सांभाळण्याच्या बदल्यात, आणि कंपनीत ती सांभाळणारे हात होते पाच.

तिसरा पर्याय एका तरुण डेव्हलपरनं एआय सहायकाला विचारून आणला होता: रेडिस लावून कपाती कॅशमध्ये, म्हणजे पटकन हाताशी येणाऱ्या मेमरीत, ठेवा. सहायकानं उत्तर वाईट दिलं नव्हतं. त्याला प्रश्न विचारला होता “वारंवार लागणाऱ्या क्वेरी जलद कशा कराव्यात” आणि त्याचं ते पाठ्यपुस्तकी उत्तर आहे. पण बिलाच्या रात्री प्रत्येक उत्पादकाच्या कपाती एकदाच वाचल्या जातात. तीच गोष्ट दुसऱ्यांदा मागितली तरच कॅशचा उपयोग. इथे दुसऱ्यांदा कुणी मागतच नव्हतं.

चौथा पर्याय म्हणजे काहीही न बदलता आधी मोजायचं. बैठकीत त्याला कुणाचा विरोध नव्हता आणि उत्साहही नव्हता. “मोजलंय की, स्लो क्वेरी लॉग चालू आहे आणि तो कोरा आहे,” असं लीडचं म्हणणं. हळू चालणाऱ्या क्वेरींची नोंद ठेवणारा हा लॉग खरोखर कोरा होता.

निर्णयाचा पहिला टप्पा: कोरा लॉग

मायएसक्यूएलच्या स्लो क्वेरी लॉगची मर्यादा कुणी बदलली नाही तर दहा सेकंद असते. त्याहून कमी वेळात संपणारी क्वेरी त्यात येत नाही. कपातींची क्वेरी सरासरी एक सेकंदाच्या आत-बाहेर संपत होती. एकटी बघितली तर तिच्याकडे कुणी वळून पाहणार नाही. पण ती लूपमध्ये होती, प्रत्येक उत्पादकासाठी एकदा. तीस हजार सेकंद म्हणजे आठ तास वीस मिनिटं.

हा गुणाकार बैठकीत फळ्यावर मांडला तेव्हा खोलीत थोडी चुळबुळ झाली. आकडा डायरीतल्या आकड्याशी फारच जुळत होता. खरं तर जरा जास्तच, कारण इतर कामांनाही काही वेळ लागायलाच हवा. म्हणून नुसत्या गुणाकारावर न थांबता प्रोग्रॅममध्ये चार ठिकाणी घड्याळ लावायचं ठरलं: दुधाची बेरीज, दर शोधणं, कपाती वाचणं आणि बिल लिहिणं. पुढच्या बिलाच्या रात्री आकडे आले. ५०० मिनिटांपैकी ४८० मिनिटं कपाती वाचण्यात आणि २० मिनिटं बाकीच्या सगळ्यात.

जीन ॲमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेला नियम इथे जसाच्या तसा लागू होतो. कामाचा जो भाग तुम्ही सुधारता, त्याच्या वाट्यापेक्षा जास्त वेळ वाचूच शकत नाही. टीममधल्या एकाला दर शोधण्याचा कोड खुपत होता. दरपत्रकातले ३१ फॅट आणि २१ एसएनएफ मिळून ६५१ चौकोन एका यादीत होते आणि प्रत्येक नोंदीला ती यादी पहिल्यापासून चाळली जात होती. सहा लाख नोंदी आणि सरासरी सव्वातीनशे तुलना, म्हणजे साडेएकोणीस कोटी तुलना. आकडा ऐकून तो हादरला होता आणि आधी हेच दुरुस्त करू म्हणत होता. पण २० मिनिटांतलं सगळं काम शून्यावर आणलं असतं तरी ५००ची ४८० झाली असती. कोड कुरूप आहे म्हणून तो दोषी असतोच असं नाही.

असं यादी चाळणं कधी महाग पडतं याचं उघड उदाहरण २०२१मध्ये जगानं पाहिलं. जीटीए ऑनलाइन हा खेळ सुरू व्हायला काही संगणकांवर सहा मिनिटं लागत. बाहेरच्या एका प्रोग्रॅमरनं शोधून काढलं, की सुमारे ६३,००० वस्तूंची यादी वाचताना प्रत्येक नवी वस्तू आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहिली जाते, आणि मजकूर वाचणारं फंक्शन दर वेळी उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी नव्यानं मोजतं. दोन्ही दुरुस्त केल्यावर वेळ दोन मिनिटांच्या आत आला. कंपनीनं दुरुस्ती स्वीकारली आणि त्याला दहा हजार डॉलर दिले. तिथे यादी वाढेल तसं काम वर्गाच्या पटीत वाढत होतं. आमच्या दरपत्रकाचे चौकोन वाढत नव्हते, ६५१ ते ६५१च. काम किती आहे यापेक्षा ते कशाबरोबर वाढतं हे आधी बघायचं असतं, आणि डायरीतले आकडे दुधाबरोबर वाढत नव्हते. उत्पादकही तेवढेच होते. वाढत होतं फक्त कपातींचं टेबल: वर्षाला अकरा लाखांच्या आसपास ओळी. अकरा लाखांना दोन तास, त्रेचाळीस लाखांना आठ.

निर्णयाचा दुसरा टप्पा: “इंडेक्स आहे ना!”

इंडेक्स म्हणजे अख्खं टेबल न वाचता हवी ती ओळ सापडावी म्हणून क्रमानं लावलेली सूची. कपातींच्या टेबलावर उत्पादक कोड आणि संस्था कोड यांचा इंडेक्स पहिल्या दिवसापासून होता. लीडनं तो दाखवलाही. त्यामुळे “इंडेक्स नाही” हा सोपा संशय आधीच फेटाळला गेला होता.

इंडेक्स असणं आणि तो वापरला जाणं या दोन गोष्टी आहेत. क्वेरीच्या पुढे एक्स्प्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी आज्ञा) लावून ती चालवली तेव्हा वापरता येण्याजोग्या इंडेक्सच्या रकान्यात नाव होतं, प्रत्यक्ष वापरलेल्या इंडेक्सचा रकाना रिकामा होता आणि तपासायच्या ओळींचा अंदाज जवळपास अख्ख्या टेबलाएवढा. सोबत एक सूचनाही होती: प्रकार बदलावा लागत असल्यामुळे इंडेक्स वापरता येत नाही.

कारण २०२२च्या पुनर्लेखनात होतं. जुना पीएचपी कोड उत्पादक कोड अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून पाठवत असे. नव्या बॅकएंडमध्ये “कोडमध्ये अंकच तर असतात” म्हणून तो आकडा ठरला आणि ‘0042’चा झाला नुसता 42. स्तंभ मजकुराचा आणि तुलना आकड्याशी, अशी वेळ आली की मायएसक्यूएल दोन्ही बाजू आकड्यात बदलून पाहतं. इंडेक्स मात्र मजकुराच्या क्रमानं लावलेला. त्या क्रमात ‘0042’ सुरुवातीला, ‘042’ बऱ्याच पुढे आणि ‘42’ कुठल्या कुठे, आणि तिघांचीही किंमत आकड्यात ४२च. एका जागी जाऊन सगळे सापडतील अशी जागाच त्या क्रमात नाही. म्हणून प्रत्येक ओळ वाचायची, बदलायची, ताडायची. पहिलाच स्तंभ निकामी झाला की त्याच्या मागच्या संस्था कोडचाही इंडेक्समध्ये उपयोग उरत नाही.

रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्‌क्राइट यांनी बी-ट्रीची रचना (इंडेक्स सहसा याच रचनेत साठवतात) १९७२मध्ये प्रसिद्ध केली. एका पानात पाचशे नोंदी मावतात असं धरलं, तर तीन पातळ्यांत साडेबारा कोटी नोंदी बसतात. त्रेचाळीस लाखांत हवी ती ओळ शोधायला तीन पानं पुरतात. टीममधल्या प्रत्येकानं बी-ट्रीची आकृती विद्यापीठाच्या परीक्षेत काढलेली होती, गुणही मिळवले होते. तो क्रमावर उभा आहे आणि क्रम प्रकारावर, एवढं मात्र कामाच्या जागी कुणाच्या मनात आलं नव्हतं. मुलाखतीत त्यांना कुणी विचारलंही नसणार. तिथे विचारतात, रिॲक्टची कुठली आवृत्ती वापरलीत.

या दोषाचा खरा धूर्तपणा असा, की उत्तर बरोबर येत होतं. निदान बरोबर दिसत होतं. टेस्टिंग एका संस्थेच्या दोनशे उत्पादकांवर आणि काही हजार ओळींवर झालं होतं. तिथे अख्खं टेबल वाचायलाही क्षणभर लागतो.

आणि इथेच दुसऱ्या पर्यायाकडे पुन्हा बघावंसं वाटतं. मोंगोडीबीमध्ये आकडा 42 आणि मजकूर ‘0042’ हे एकमेकांशी जुळतच नाहीत. बॅकएंडचा तोच कोड तिथे नेला असता तर क्वेरी विजेच्या वेगानं चालली असती आणि एकही कपात सापडली नसती.

काय केलं

एका ओळीची दुरुस्ती, काम फत्ते, असं वाटलं होतं. कोड चार अंकी मजकूर करून पाठवला आणि टेस्ट मशीनवर अख्ख्या डेटासह बिल चालवलं. कपातींचा टप्पा ४८० मिनिटांवरून एका मिनिटाच्या आसपास आला. लीड त्याच रात्री लाइव्ह करायला तयार होता. मालकांनी थांबवलं आणि मागच्या तीन बिलांची जुन्या आणि नव्या पद्धतीची बेरीज ताडायला सांगितली. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच.

कपातींची बेरीज जुळली नाही. नवी पद्धत कमी कपात दाखवत होती. फरकाची बिलं सव्वाशेच्या आसपास निघाली आणि ती दोन प्रकारची होती.

पहिला प्रकार साधा. काही जुन्या संस्थांत कोड तीन अंकी लिहायची सवय. पशुखाद्य विभागाकडून ‘042’ यायचं आणि मास्टरमध्ये, म्हणजे उत्पादकांच्या मूळ यादीत, ‘0042’ असायचं. आकड्याच्या तुलनेत दोन्ही जुळत होते, मजकुराच्या तुलनेत सुटले.

दुसरा प्रकार पाहिल्यावर सगळे गप्प झाले. अकरा ठिकाणी एकाच संस्थेत ‘042’ आणि ‘42’ असे दोन वेगळे उत्पादक होते. बहुतेक ठिकाणी घर वाटून गेल्यावर मुलानं किंवा भावानं वेगळं कार्ड काढलेलं, आणि सचिवानं जुन्याच नंबरला शून्य लावून किंवा काढून नवा कोड दिलेला. जुनी पद्धत दोघांनाही ४२ समजत होती. एकानं पोतं नेलं की कपात दोघांच्या बिलात. सपोर्टच्या रजिस्टरमध्ये ‘पशुखाद्याची डबल कपात’ अशा तक्रारी सापडल्या. शेरा होता ‘संस्थेकडून चुकीची नोंद’. वेग आणि अचूकता ही दोन वेगळी दुखणी वाटत होती, मूळ एकच निघालं.

आता दिवाळीला तीन आठवडे उरले होते आणि पुन्हा दोन वाटा होत्या. एक म्हणजे सगळे कोड साफ करून मगच लाइव्ह जायचं. पण दीडशे संस्थांच्या सचिवांकडून खात्री करून घ्यायला दिवाळीनंतरचा महिना लागला असता. दुसरी म्हणजे वेग आत्ता द्यायचा आणि साफसफाई नंतर करायची. दुसरी निवडली, पण एका अटीवर. क्वेरीला प्रत्येक उत्पादकासाठी मजकुराचे तिन्ही अवतार द्यायचे, ‘42’, ‘042’ आणि ‘0042’. इंडेक्स वापरला जातो आणि पहिल्या प्रकारातलं काही सुटत नाही. अकरा जोड्या मात्र यादी करून बाजूला काढायच्या आणि त्यांची बिलं लेखापालांनी हातानं तपासायची. दिसायला ही ठिगळपट्टी आहे. मला ती पटली, कारण ती ठिगळ आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि ते काढायची तारीख ठरलेली होती.

तीस हजार क्वेरींचा लूपही मोडला. किराण्याच्या प्रत्येक जिनसासाठी वेगळी फेरी मारावी तसं ते काम चाललं होतं. आता एका संस्थेच्या सगळ्या कपाती एकदम वाचल्या जातात, म्हणजे दीडशे क्वेरी. मग उरलेल्या वीस मिनिटांकडे बघायला अर्थ आला. त्यांतली बहुतेक बिल लिहिण्यात जात होती, कारण प्रत्येक ओळ स्वतंत्र कमिट, म्हणजे कायमची पक्की, होत होती आणि प्रत्येक कमिटला डिस्कवर पक्कं लिहून होण्याची वाट बघावी लागते. एका संस्थेचं बिल एका ट्रान्झॅक्शनमध्ये घेतलं, म्हणजे सगळ्या ओळी मिळून एकच कमिट. दरपत्रकासाठी फॅट आणि एसएनएफ दहानं गुणून पूर्णांक केले आणि त्यांच्या जोडीवरून दर थेट उचलला. पूर्णांक करण्यामागे वेगापेक्षा अचूकतेचा विचार जास्त होता. दशांश अपूर्णांक फ्लोट या अंदाजे किंमत ठेवणाऱ्या प्रकारात साठवले की ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि तसली संख्या किल्ली म्हणून वापरली की कधीतरी एक कुलूप उघडत नाही. टेबलातल्या रकमाही काही ठिकाणी फ्लोट होत्या. त्या डेसिमल (दशांश नेमके ठेवणारा प्रकार) करायचं काम दिवाळीनंतरच्या यादीत गेलं.

निकाल

फरकाच्या बिलाआधी झालेलं दहा दिवसांचं बिल चार मिनिटांत संपलं. फरकाचं बिल ठरल्या दिवशी निघालं आणि बँकेची फाइल सकाळी गेली. डेटाबेसचं मशीन पुन्हा आधीच्या आकाराचं केलं. डबल कपातीचे पैसे पुढच्या बिलात ‘मागील फरक’ या ओळीखाली परत दिले. एका ठिकाणी मात्र कार्डच बंद झालं होतं. तिथे पैसे कुणाला द्यायचे यावर संस्थेत बरीच चर्चा झाली आणि ती सॉफ्टवेअरच्या हातातली गोष्ट नव्हती.

कायमची दुरुस्ती दिवाळीनंतर झाली. कपात आत येतानाच उत्पादकाच्या अंतर्गत आयडीला जोडली जाते. जुळणी एकापेक्षा जास्त जणांशी होत असेल किंवा कुणाशीच होत नसेल तर ती ओळ थांबवून सचिवाला दाखवली जाते. कोड आता फक्त छापण्यापुरता, शून्यांसकट. पाच महिन्यांचा प्रस्ताव मंजूर झाला नाही, फेटाळलाही गेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पुनर्लेखनाच्या वेळी ‘कोड हा आकडा आहे का’ हा प्रश्न कुणी विचारला असता तर पुढचं काही घडलं नसतं. ज्याची कधी बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो अंकांत लिहिलेला असला तरी आकडा नव्हे. मोबाइल नंबर, पिनकोड, सातबाऱ्यावरचा गट नंबर, सगळे याच जातीचे.

टेस्टिंगचा डेटा खऱ्या आकाराचा असायला हवा होता. दोनशे उत्पादकांवर कुठलाही कोड धावतो. नाव-पत्ते बदलून तीस हजार उत्पादकांचा डेटा तयार करणं हे दोन दिवसांचं काम होतं. स्लो क्वेरी लॉगची मर्यादा एक सेकंदाच्या खाली आणायला तर एक ओळ पुरते. आणि कुठल्या क्वेरीला एकूण किती वेळ गेला याची बेरीज मायएसक्यूएल स्वतःच ठेवतं, ती कुणी उघडली नव्हती.

सपोर्टची डायरी आणि तक्रारींचं रजिस्टर डेव्हलपरांच्या टेबलावर कधी आलं नाही, हे मला तांत्रिक चुकांपेक्षा मोठं वाटतं. डायरीतली वाढ सरळ रेषेत होती. ती वाचता येणारा कुणीही पहिल्याच वर्षी ‘आपण दर वेळी अख्खं टेबल वाचतोय का’ असं विचारू शकला असता.

मोठ्या रचनेबद्दल एक बाजू राहते. २०२३मध्ये ॲमेझॉन प्राइम व्हिडिओच्या एका टीमनं जाहीर केलं होतं, की चित्र-ध्वनीची गुणवत्ता तपासणारी त्यांची विखुरलेली यंत्रणा एकाच प्रोसेसमध्ये आणल्यावर खर्च नव्वद टक्क्यांहून जास्त उतरला. बैठकीत कुणीतरी हे मायक्रोसर्व्हिसच्या विरोधात पुरावा म्हणून फेकलं होतं. तो पुरावा नाही. त्या टीमनं आपल्या यंत्रणेत पैसा नेमका कुठे जातो ते शोधलं आणि त्यावरून निर्णय घेतला, एवढंच त्यातून घेता येतं. लीडच्या प्रस्तावातला एक भाग माझ्या मते खरा आहे. सकाळी सात ते आठमध्ये दीडशे संस्थांचा डेटा एकदम चढतो आणि तिथे रांग लावणारं काहीतरी लागणार आहे. ते काफ्का असावं की त्याच डेटाबेसमधलं एक साधं टेबल, यावर लीड आणि मालक यांचं अजून एकमत नाही. सध्या त्या तासाभराचे आकडे गोळा करण्याचं काम सपोर्टच्या त्याच माणसाकडे दिलं आहे. या वेळी डायरीत नाही, लॉगमध्ये. डायरी त्यानं तरीही चालू ठेवली आहे.